बोनेटखाली कोणाचे इंजिन आहे, ते छापून सांगा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य कंपन्या,
सोसायटी ऑफ इंडियन ऑटोमोबाइल मॅन्युफॅक्चरर्स,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आपल्या सदस्य कंपन्या आज ज्या छोट्या गाड्या विकतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांत टर्बोवाले (म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर जास्त हवा आत कोंबणारे) छोटे इंजिन असते, आणि त्यांतली बरीच इंजिने एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या गाड्यांत सापडतात. इंजिन वाटून घेण्यात मला काहीच वावगे दिसत नाही. नवे इंजिन उभे करायला लागणारा पैसा बघता ते शहाणपणाचेच आहे. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. गाडी घेणाऱ्याला त्याच्या इंजिनाचे मूळ सांगितले जात नाही, म्हणून त्या इंजिनाने दुसऱ्या नावाखाली काय गुण दाखवले आणि काय त्रास दिला, हेही त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे मूळ प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकावर आणि मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत छापा, हे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यात गॅरेज चालवतो. ते कोणत्याही एका कंपनीचे नाही. दारात येईल ती गाडी आम्ही हातात घेतो. वॉरंटी संपली की गाड्या आमच्यासारख्यांकडे वळतात. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर इंजिन कसे वागते, हे आम्ही रोज बघतो. ज्या काळात इंजिनाची खरी परीक्षा होते, त्या काळात कंपनी लांब असते आणि मालक आमच्या बाकावर बसलेला असतो.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा घरातच मिळालेला आहे. फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून घडवलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ साली युरोपात आले. १२४८ सीसीचे, टर्बोवाले. २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टमधून ते डीडीआयएस या नावाने भारतात आले आणि परवान्यावर मानेसरला बनू लागले. इकडे पुणे जिल्ह्यात रांजणगावला फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात तेच इंजिन बनत होते. फियाटच्या लिनिया आणि पुंटोत त्याला मल्टिजेट म्हणायचे, टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझात क्वाड्राजेट. शेव्हर्लेच्या सेल आणि एन्जॉयमध्ये गेले तेव्हा त्याचे नाव स्मार्टेक झाले. प्रीमियरच्या रिओतही ते बसले. २०१२ मध्ये तर मानेसरची इंजिने पुरेनात म्हणून मारुतीने फियाटकडून रांजणगावची इंजिने घेण्याचा करार केला. म्हणजे त्या काळात स्विफ्ट घेणाऱ्या एखाद्याच्या गाडीत आणि त्याच्या शेजाऱ्याच्या पुंटोत एकाच कारखान्यातले इंजिन असू शकत होते, आणि दोघेही एकमेकांच्या गाडीला नावे ठेवत होते. लोकांनी त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायला सुरुवात केली, ती उगीच नाही.

त्या इंजिनाने आम्हाला पुष्कळ शिकवले. त्याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) नव्हता, त्या जागी चेन होती. चेन आहे म्हणजे बघायचे कारण नाही, अशी समजूत मालकांमध्ये पसरली होती. वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्या दोन-अडीच लाख किलोमीटर हेडला हात न लावता चालताना मी पाहिल्या आहेत. ज्यांनी ऑइल लांबवले, त्यांची चेन सैल झाली आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर वाजू लागला. सकाळी पहिल्या स्टार्टला समोरून दोन-तीन सेकंद खडखड आली, की फिटर मान डोलवायचा. हे ज्ञान एका कंपनीच्या गाडीवर मिळाले आणि पाच कंपन्यांच्या मालकांच्या उपयोगी पडले. पण ते कोणी आम्हाला दिले नाही. उघडलेल्या इंजिनांवरून, एकमेकांना फोन करून, पार्टवरचा मूळ उत्पादकाचा शिक्का बघून आम्ही ते जुळवले. ज्यांना फिटर चांगला भेटला त्यांचे निभावले.

इथे कंपन्यांचे एक म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. मूळ एक असले तरी इंजिन जसेच्या तसे राहत नाही. याच १.३ चे उदाहरण घ्या. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो साधा होता, ९० वाल्याचा बदलत्या पात्यांचा. दोन्हींचे दुखणे वेगळे. बदलत्या पात्यांच्या टर्बोत काजळी साचून पाती अडकतात आणि गाडी चढावर एकदम मरगळते. ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, मांडणी वेगळी, हवा थंड करणारा इंटरकूलर वेगळा, इंजिन बसवायचे माउंटिंग वेगळे. म्हणून मी असे म्हणत नाही की 'अमक्याचे इंजिन' एवढेच छापा. काय सारखे आहे आणि आमच्या गाडीसाठी काय बदलले, हे दोन्ही छापा. बदल केला असेल तर तो सांगण्यात कंपनीचाच मान आहे.

नाशिकचे उदाहरण याहून बोलके आहे. २००७ मध्ये महिंद्र-रेनोची लोगन नाशिकला बनू लागली. तिच्यातले १.५ लिटरचे डिझेल इंजिन रेनोचे के९के. भागीदारी सुटल्यावर तीच गाडी व्हेरिटो झाली, इंजिन तेच राहिले. पुढे डस्टर, टेरानो, निसानची सनी आणि मायक्रा या सगळ्यांत त्याच घराण्यातले इंजिन होते. युरोपात २०१२ च्या मर्सिडीज ए-क्लासच्या एका डिझेल आवृत्तीतही तेच मूळ होते, फक्त नाव ओएम६०७. या इंजिनाला मात्र टायमिंग बेल्ट असतो, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आता विचार करा, स्विफ्ट डिझेल विकून सेकंड हँड डस्टर घेणाऱ्या माणसाला हा फरक कोण सांगणार? दोन्ही डिझेल, दोन्ही टर्बो, दोन्ही चांगला अॅव्हरेज देणारी. एकीत चेन, दुसरीत बेल्ट. विकणारा एजंट सीट कव्हर आणि टायर दाखवतो. बेल्टचे नाव पहिल्यांदा निघते ते गाडी टोचण करून आमच्या दारात आल्यावर.

पेट्रोलच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे एकाच कंपनीचे एकच नाव दोन वेगळ्या इंजिनांवर असू शकते. फोक्सवॅगनचे १.२ टीएसआय घ्या. युरोपात आधी ते ईए१११ मालिकेतले होते, चेनवर चालणारे. २०१२ पासून ईए२११ मालिका आली आणि कॅमशाफ्ट बेल्टवर गेले. दोन्ही ११९७ सीसी, दोन्हींवर 'टीएसआय'. चेनच्या तक्रारी पहिल्या मालिकेच्या. म्हणजे नाव बघून काहीच कळत नाही, कोड बघावा लागतो. चाकणच्या कारखान्यात होणारे आजचे १.० टीएसआय ईए२११ मालिकेतले आहे, ते कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस, कायलाक अशा पाच नावांच्या गाड्यांत बसते. या मालिकेने जुन्या मालिकेपेक्षा चांगले नाव कमावले आहे, आणि कंपनीला ते अभिमानाने सांगता आले असते. पण माहितीपत्रकावर अश्वशक्ती आणि टॉर्क यांचे आकडे मोठे, सनरूफचा फोटो त्याहून मोठा, मालिकेचा उल्लेख कुठेच नाही.

पुरस्कारांबद्दलही बोलायला हवे, कारण जाहिरातींत ते फार वापरले जातात. फोक्सवॅगनच्या १.४ लिटरच्या टीएसआयला २००९ आणि २०१० असे लागोपाठ 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' मिळाले. त्याच्या दुहेरी हवाभरणीच्या (टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही असलेल्या) आवृत्तीत पुढे पिस्टन फुटण्याच्या आणि चेनच्या तक्रारी निघाल्या. फोर्डचे १.० इकोबूस्ट २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे सर्वांत वरचा मान घेऊन गेले. त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरणारा होता, आणि नंतरच्या आवृत्तीत फोर्डनेच कॅमशाफ्टसाठी चेन आणली. पूझो-सित्रोएनचे १.२ प्युअरटेक टर्बो २०१५ पासून चार वर्षे आपल्या गटात पहिले आले; त्याचाही बेल्ट ऑइलमधला. तो बेल्ट झिजून त्याचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, दाब पडतो आणि इंजिन जाते, हे युरोपातल्या मालकांनी सोसले. २०२४ मध्ये पूझो-सित्रोएनची आजची मालक कंपनी स्टेलँटिस हिला या इंजिनाची वॉरंटी दहा वर्षे किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली.

हे पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर नवे इंजिन असते. ते त्याची ताकद, धूर, इंधन मोजतात. दहा वर्षांनी त्या इंजिनाचे काय झाले, हे मोजायला त्यांच्याकडे काळ नसतो. तो काळ दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या नावाच्या गाडीने घालवलेला असतो. म्हणूनच मूळ सांगणे महत्त्वाचे. रेनोचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन युरोपात क्लिओ, कॅप्चर, डासियाची डस्टर, निसानची कश्काय आणि ज्यूक, इतकेच काय मर्सिडीजच्या सिटान व्हॅनमध्येही होते. ते ऑइल खाऊ लागले. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या यूएफसी-क श्वाझिर या ग्राहक संघटनेने हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा २०१२ ते २०१६ मधल्या सुमारे ४ लाख गाड्यांचा मुद्दा पुढे आला. निसान घेणाऱ्याला रेनोच्या मालकाची तक्रार आपली वाटली असती, तर तो ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी दर आठवड्याला बघत राहिला असता. बघणारा वाचतो, या बाबतीत एवढे साधे आहे.

ऑइल इतके महत्त्वाचे का, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण मालकांशी होणारी माझी निम्मी वादावादी यावरच असते. टर्बोची दांडी मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. पेट्रोल इंजिनातून येणारा धूर नऊशे अंशांच्याही वर जाऊ शकतो. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचायचे, आणि व्ह्यू पॉइंट दिसला की लगेच चावी फिरवून इंजिन बंद करायचे, ही आपल्याकडची रीत. टर्बो तापलेला असतो, ऑइलचा प्रवाह थांबतो, आतले ऑइल जळून तिथेच चिकटते. काही इंजिनांत टर्बो पाण्यानेही थंड होतो आणि इंजिन बंद झाल्यावर एक छोटा पंप चालूच राहतो. काहींत तशी सोय नसते. आपल्या गाडीत काय आहे हे मालकाला कसे कळावे? पुस्तिकेत एक ओळ पुरेशी आहे.

दुसरे म्हणजे छोट्या थेट-इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार आला, म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच रेटून चढ चढवला, की ठिणगीच्या आधीच स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो. हे ऑइलमधल्या रसायनांशीही जोडलेले आहे, म्हणून तर २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचे एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे खास आणावे लागले. दुकानात मात्र '५डब्ल्यू-३० द्या' एवढेच म्हटले जाते. तो आकडा पातळपणाचा, दर्जाचा नव्हे. बेल्ट ऑइलमध्ये बुडणारा असेल तर ठरवून दिलेल्या दर्जाच्या ऑइलखेरीज दुसरे ऑइल चुकूनही पडता कामा नये. पण बेल्ट बुडणारा आहे हेच माहीत नसेल तर?

आणि एक हिशेब कंपन्यांनीच करून बघावा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल कमी होणे 'सामान्य' असे काही कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. छोट्या इंजिनाच्या चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) तीन-चार लिटर ऑइल मावते. सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला. या हिशेबाने पुढच्या सर्व्हिसच्या आधीच चेंबर कोरडा पडेल. मग मध्ये किती वेळा पट्टी बघायची, किती टाकायचे, आणि कुठल्या आकड्यानंतर ही झीज सामान्य म्हणायची नाही, हे ठळक छापायला नको का? माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांच्या गाडीचे इंजिन जाम झाले तेव्हा ते मला म्हणाले, "सर्व्हिस एकही चुकवली नाही हो मी." खरेच चुकवली नव्हती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी प्रत्येक वेळी ऑइल बदलले, जुने किती निघाले हे कोणी लिहून ठेवले नाही.

छोटी टर्बो इंजिने वाईट आहेत असे माझे मत नाही. उलट आज रस्त्यावर धावणारी काही इंजिने उत्तम आहेत. रेनो-निसान आणि मर्सिडीजची मूळ कंपनी डाइमलर यांनी मिळून केलेले १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन बघा. २०२० मध्ये ते आपल्याकडे डस्टर आणि किक्समध्ये १५६ अश्वशक्ती देत आले. पुढच्याच वर्षी चाकणला जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीजच्या ए-क्लास लिमोझिनमध्ये त्याच मुळाचे इंजिन एम२८२ या नावाने होते. किमतीत जवळपास तिपटीचा फरक. डस्टरवाल्याला हे विक्रेत्याने सांगितले असते तर त्याला आनंदच झाला असता. मॅग्नाइट आणि कायगर यांचे एक लिटरचे टर्बो इंजिन एकच, मारुतीची फ्रॉन्क्स आणि टोयोटाची टायझर यांचेही एकच. कुठे लपवण्यासारखे काही नाही, तरी सांगायची पद्धत नाही.

ही इंजिने ग्राहकाने मागून आणलेली नाहीत, हेही लक्षात घ्या. २००६ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत इंजिन, अशा गाड्यांना कर कमी आहे. सप्टेंबर २०२५ पासून तर अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. या रेषेच्या आत राहून जड गाडी ओढायची तर टर्बो हवाच. धोरण सरकारचे, आराखडा कंपनीचा, आणि दहा वर्षे ते सांभाळायचे मालकाने. सांभाळायला लागणारी माहिती त्याला मिळालीच पाहिजे.

सुट्या भागांचा विषय थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा वाहन कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. पुढे तो वाद अपिलांत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने आहेत. पण कुठला पार्ट कुठल्या दुसऱ्या गाडीला चालतो, ही साधी यादी आजही मिळत नाही. एकाच मूळ उत्पादकाचा सेन्सर दोन कंपन्यांच्या डब्यांत दोन वेगळ्या किमतींना येतो, हे काउंटरवर आम्ही बघतो आणि ग्राहकाला समजावू शकत नाही. जी कंपनी देश सोडून गेली तिच्या गाड्यांचे मालक तर पूर्णपणे या यादीवर अवलंबून आहेत. शेव्हर्ले सेलला आजही स्विफ्टच्या इंजिनाचे कुठले भाग चालतील, हे सांगणारा अधिकृत कागद नाही. फिटरच्या डोक्यात आहे तेवढेच.

आपल्या संघटनेने २०१२ मध्ये दोष निघालेल्या गाड्या स्वतःहून परत बोलावण्याची संहिता केली होती. पुढे कायद्यात तरतूद झाली, १ एप्रिल २०२१ पासून नियमही आले. पण तो कायदा मुख्यतः सुरक्षितता आणि पर्यावरण बघतो. इंजिन ऑइल खाते, चेन लवकर सैल होते, बेल्टचा भुगा होतो, ही दुखणी त्यात सहज बसत नाहीत. म्हणून कायद्याची वाट न बघता २०१२ सारखे पाऊल पुन्हा उचला, अशी माझी विनंती आहे.

प्रत्येक टर्बो इंजिनासाठी एक पान करा. त्यावर इंजिनाचा कोड आणि मालिका, आराखडा कोणाचा, बनते कुठे, त्या मालिकेची इंजिने जगात कुठल्या गाड्यांत विकली गेली, भारतासाठी काय बदलले, हे असू द्या. चेन की बेल्ट, बेल्ट कोरडा की ऑइलमधला, आणि तो आपल्या धुळीत, उन्हात, रहदारीत किती किलोमीटर किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे आकड्यात लिहा. ऑइलचा नेमका दर्जा, चेंबरची मात्रा, सहन होणारी घट लिहा. परदेशात त्याच मालिकेवर वॉरंटी वाढवली गेली, तर साठ दिवसांच्या आत इथल्या मालकांना कळवा की तो भाग आपल्या गाडीत आहे की नाही. 'नाही' असेल तरी कळवा. मालकाची झोप तेवढ्यानेही परत येते. हे पान संकेतस्थळावर कायम राहू द्या, मराठीसह भारतीय भाषांत, आणि गाडीचे उत्पादन थांबले तरी काढू नका, कारण गाडी तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हाच त्याची जास्त गरज पडते.

सुरुवात जुन्या गाड्यांपासून करायची तर १.३ डिझेलपासून करा. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने ते थांबवले, पण ती इंजिने अजून रस्त्यावर आहेत. रोज कोणीतरी ती सेकंड हँड घेतो, आणि आमच्याकडे येऊन चेनबद्दल विचारतो. त्यांच्यासाठी पाच नावांची, एका इंजिनाची एकत्र यादी आपली संघटना एका बैठकीत ठरवून करू शकते.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक गॅरेजचालक